मान

कोनी आयलंड अ‍ॅव्हेन्यूवर, टायरच्या दुकानाला लागून
अब्बांचं सलून. दोन खुर्च्या: एक त्यांची, एक सरवरचाचांची.
मी गल्ल्यापाशी भूमिती सोडवायचे
आणि दिवसाला एका डॉलरवर केस झाडायचे:
करडे, तांबूस, कुरळे, सगळे एकाच सुपलीत.

शनिवारी सव्वादहाला मिस्टर डिफाझिओ यायचे,
सत्तावीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले.
कोट खुंटीला, चष्मा खिशात,
आणि डोकं मागे टाकून गळा असा उघडा करायचे
जसं कुणी दार नुसतं लोटून ठेवतं,
शेजारी येईल म्हणून.
वस्तरा कंठाच्या हाडावरून जायचा
आणि ते चक्क घोरायचे.
अकरा वर्षं त्यांनी अब्बांना मान दिली.

मग तो सप्टेंबर.
नदी ओलांडून जळके कागद आमच्या फुटपाथवर पडले.
एक कुणाचा तरी रजेचा अर्ज होता.
अब्बांनी तो उचलला, झटकला, हिशेबाच्या वहीत ठेवला.
रजा मंजूर झाली होती का
तो भाग जळून गेला होता.

त्यांनी काचेला झेंडा लावला. मदिनेचं कॅलेंडर उतरवलं.
भिंतीवर त्याचा फिकट चौकोन उरला,
कॅलेंडरपेक्षा ठळक.

तिसऱ्या शनिवारी डिफाझिओ आले. चष्मा काढला नाही.
"आज फक्त केस, टॉफी. दाढी घरीच केली."
तुफैल हे नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नव्हतं.
हनुवटीखाली दोन दिवसांचे पांढरे खुंट होते.
अब्बांनी पाहिले. मी पाहिले.
आम्ही पाहतोय हे त्यांनी आरशात पाहिलं.

माणसं केसाने गळा कापतात म्हणे.
अब्बांनी जन्मभर
नुसते केस कापले.

पुढच्या हिवाळ्यात यादी निघाली:
सोळा वर्षांवरचे पुरुष, अमुक अमुक देशांचे.
फॉर्म मी भरला, माझं अक्षर बरं म्हणून.
व्यवसायापाशी पेन थोडं थांबलं.
सरकारी इमारतीबाहेर पहाटे चारपासून रांग,
थर्मासमधला चहा, कुणाची तरी खोकला दाबायची धडपड,
जणू खोकला हाही पुरावा.

अब्बांच्या अंगठ्याचा ठसा उठेना.
तीस वर्षं साबणाच्या पाण्यात रेषा विरघळल्या होत्या.
पुन्हा दाबा. पुन्हा.
अधिकाऱ्याने वर पाहिलं:
ज्याच्या अंगठ्यावर काहीच नाही,
त्याने काहीतरी पुसलं असणार.

सरवरचाचा रांगेत आमच्या पुढे होते.
त्यांना दुसऱ्या दाराने नेलं.
त्यांचे कंगवे अजून त्या निळ्या पाण्यात उभे आहेत.
मी पाणी बदलते.

मार्चमधला मंगळवार. शनिवार नव्हे.
डिफाझिओ आले, गालावर कापसाचे दोन बोळे,
घरच्या दाढीचे.
"उद्या रिकीला आणतायत," ते म्हणाले, "कंदाहारहून."
रिकी, भाऊ गेल्यावर त्यांनीच वाढवलेला पुतण्या.
त्याचं पहिलं जावळ, म्हणजे पहिली कटिंग,
फळी टाकून याच खुर्चीत झाली होती.
रडला नव्हता. अब्बांनी त्याला लिमलेटची गोळी दिली होती.
"नीट दाढी हवी, टॉफी."

चष्मा खिशात गेला.
डोकं मागे टेकलं.
सुरकुतलेला, फेसाळलेला गळा पुन्हा समोर,
डोळे मात्र या वेळी उघडे, छताकडे.

अब्बांनी वस्तरा उचलला
आणि मी त्यांचा हात थरथरताना प्रथमच पाहिला.
एक थेंब आला असता
तर तो आता नुसता थेंब राहिला नसता.
बाहेर काचेवरचा झेंडा एका कोपऱ्यात सुटला होता,
वाऱ्याने फडफडत होता.

ते पट्ट्यावर वस्तरा घासत राहिले,
हवा होता त्याहून कितीतरी जास्त वेळ.
डिफाझिओ हलले नाहीत.
मान दिलेली होती.
ती घ्यायची कशी, तेवढंच अब्बा विसरले होते.

टॉवेल गार झाला.
दुसरा गरम करायला मी उठले.