सामाईक स्लॅब

मोहसिन अत्तार शिडीवर चढला
आणि छतावर बोटाने टकटक करत गेला,
कलिंगड पारखावं तसा.
इथे भरीव. इथेही भरीव. इथे...
पुढचा आवाज मलासुद्धा कळला.

हातोडीच्या एका ठोक्यात
पलंगावर पसरलेल्या जुन्या चादरीत
ताटाएवढा पोपडा पडला,
आणि आत सळई दिसली,
फुगलेली, पापुद्रे सुटलेली.
हाताला तांबडी भुकटी लागली.

"काकू, डागडुजीचे दिवस गेले आता.
उतरवायलाच लागेल."
दृष्ट उतरवायची असते तसं म्हणाला,
मीठ-मोहऱ्यांत भागेल असं.

मग लाइटबिलाच्या पाठीवर हिशेब:
जुना स्लॅब फोडणं,
राडारोड्याच्या अकरा ट्रॉल्या,
सळई, सेंटरिंग, टेके,
सिमेंट, खडी, क्रश सँड,
मिस्त्री, बिगारी, कोबा, वॉटरप्रूफिंग,
वायरिंग नव्याने, कारण जुन्या नळ्या स्लॅबमध्येच,
आणि एकवीस दिवस वर पाणी भरून ठेवायचं.
"पाणी तुमचं," असं वेगळं लिहिलं
आणि खाली दोनदा रेघ मारली.
चार लाख पंच्याऐंशी हजार.
"फेब्रुवारीतच टाकू. मेच्या उन्हात स्लॅब तडकतो."

मी प्रेसमध्ये तेहतीस वर्षं
नोटांचे ताव तपासले.
शाई फुटली, आकडा सरकला, कड तिरकी गेली,
की खूण करायची, ताव बाजूला.
चार लाख पंच्याऐंशी हजार
पहिल्या चहाच्या आधी हाताखालून जायचे.
मग भोंगा, मग दाराशी झडती,
मग जेलरोडने चालत घरी
रिकामा डबा घेऊन.

आणि याच छताखाली
डोळ्यांच्या अगदी समोर ही भेग.
आधी मला ते कोळिष्टक वाटलं,
झाडूने काढायला गेले.
मग दोनदा डिस्टेंपर मारला.
तिथे खूण करायचं
मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अजून एक," तो म्हणाला.
"सळई तुमच्या भिंतीशी थांबत नाही.
सरळ पलीकडे गेलीय.
दोन घरांना स्लॅब एकच, काकू.
अर्धा फोडता येत नाही."

पलीकडे रत्नप्रभा गांगुर्डे.
अकरा वर्षं झाली,
तिची टाकी भरून वाहायची
नि पाणी माझ्या गच्चीत उतरायचं.
शब्द वाढत गेले.
शेवटी मी दीडशे विटा आणल्या
आणि मधोमध गुडघाभर बांध घातला.
तिच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका
पोस्टाने आली, एका भिंतीपलीकडून.

मोहसिनला गच्चीवर नेलं.
तो बांधाशी उकिडवा बसला,
काळं पडलेलं प्लॅस्टर नखाने खरवडलं.
"हे कुणी घातलं?
पाणी जायची मोरी या बाजूलाच आहे.
तिकडचं तिकडे तुंबलं, तुमचं इकडे,
आणि बुडाशी मुरत राहिलं वर्षानुवर्षं."

मी काही बोलले नाही.
दसकच्या दिशेने वारा येत होता, झोंबणारा.
बांध ओलांडायला
गुडघा उचलावा लागतो,
आणि माझा डावा उचलत नाही.
म्हणून खाली उतरले, फाटकातून गेले.

तिच्या आतल्या खोलीत
पलंग भिंतीपासून ओढून मध्ये घेतलेला,
त्याच्या जागी एक पातेलं,
आणि वर छताला
माझ्याच भेगेचं दुसरं टोक.

बिल तिने लांब धरून वाचलं,
चष्मा शोधायला उठली नाही.
आकड्यावर थांबली.
"निम्मे?"
"निम्मे."
"माझ्याकडे सध्या दीडच आहे."
"बघू."

पुन्हा वाचायला लागली, बोटाने ओळ धरून.
"आणि हे काय?
एकवीस दिवसांचं पाणी, ते कुणाचं?"

मी बाहेर तिच्या नळाकडे बघत राहिले.

"माझी टाकी मोठी आहे,"
ती म्हणाली.
"तुला माहीतच आहे."