वळसा

तार्तूच्या नदीवर बर्फ अजून पुरता धरलेला नाही.
तिसऱ्या मजल्यावर विर्वे स्क्रीनवर
पोकळ लाल चौकोन आखत बसली आहे.
ज्या इस्पितळात ते आहेत
त्याचा पायाही खणलेला नाही.

पाइपांची वाट प्रोग्राम स्वतःच काढतो.
त्याला एवढंच ठाऊक: पाणी इथून निघतं, तिथं पोचायचं.
बाकी नाकासमोर.
अडवलं नाही तर तुळईतून जाईल,
लिफ्टच्या पोकळीतून जाईल,
निमूट.

म्हणून आधीच सांगून ठेवायचं, कुठून जायचं नाही.
विजेच्या खोलीवरून नाही.
शस्त्रक्रियेच्या टेबलावरून नाही,
थेंबाला काय, कुठेही सुटतो.
तुळईपासून चार बोटं लांब.
लिहायचं मिलिमीटरमध्ये, पण विर्वे बोटंच मोजते,
तिचे वडील नळकाम करायचे.

मग एक चौकोन तिनं
चारशे सतरा नंबरच्या छतात घातला.
तिथे ना तारा, ना तुळई.
एकच खाट, आणि खिडकी नदीकडे.
डॉक्टरांनी हात टेकले की माणसाला तिथे आणणार.

प्रोग्रामनं कारणाचा रकाना पुढे केला.
रिकामा चालत नाही.

जुन्या इस्पितळात आई अकरा रात्री होती.
वरच्या मजल्यावर कोणी पाणी सोडलं
की छत खळाळायचं
आणि आई मान उचलायची,
"बघ गं, कोण आलंय."
विर्वे उठून बघून यायची.
पहिल्या दोन रात्री म्हणाली, "कोणी नाही."
मग म्हणू लागली,
"आलेत. बूट काढतायत."

रकान्यात तिनं लिहिलं: आवाज.
खोडलं.
लिहिलं: झोप.

चाक चाळीस सेकंद फिरलं.
नवी वाट नऊ मीटर लांब, चार कोपरे जास्त,
आणि सांडपाण्याला उतार हवाच, म्हणून
चादरींच्या कोठाराचं छत वीतभर खाली.
खर्चाच्या तक्त्यात एक आकडा पिवळा झाला.

हार्डो खुर्चीसकट सरकत आला.
"हा कुठल्या नियमातला?"
"घरच्या."
त्यानं आकडा पाहिला, मग तिला,
मग कॉफी आणायला उठला.
पूस म्हणाला नाही. ठेव, असंही नाही.

आता पाणी चादरींवरून जातं.
म्हणजे जाईल,
मंगळवारच्या बैठकीत कोणी तो चौकोन उचलला नाही तर.
खळाळू दे तिथे रात्रभर.
घडी घातलेल्या चादरी
कोणाची वाट बघत नसतात.