मायक्रोमीटर नंबर सतरा

भोसरीच्या एमआयडीसीत, जाळीच्या खिडकीआड,
माझी एकोणतीस वर्षं गेली
ड्रिल, रीमर, व्हर्नियर देत नि घेत.
लाल वही, सही, नाहीतर अंगठा.
दिवाळीनंतर वही गेली, कॉम्प्युटर आला.
साहेब म्हणाले, लांडगे, आता यालाच विचारायचं.

विचारलं.
फ्रॉमच्या आधी एक स्वल्पविराम जादा पडला
तर लाल अक्षरांत खेकसला.
चूक कुठे ते नाही सांगितलं,
चुकीच्या आसपास बोट दाखवलं,
आमच्या जुन्या फोरमनसारखं.

मग दोन तक्ते शेजारी मांडले, कामगार आणि अवजारं.
चाळीस माणसं, साडेतीनशे अवजारं,
आणि पडद्यावर चौदा हजार ओळी, धो धो.
प्रत्येकाच्या हातात प्रत्येक अवजार!
कॅन्टीनच्या पोऱ्याच्या नावावरसुद्धा टॉर्क रेंच.
अख्खं शॉप हसलं.
अफरीन मुलाणी हसली नाही. ट्रेनी, माझ्या धाकटीएवढी.
म्हणाली, मामा, ऑन राहिलं.
कोण कुणाचं, ते त्याला आपण सांगायचं असतं.

मग विचारलं, परत न आलेलं काय काय?
लिहिलं, परत तारीख बरोबर नल.
उत्तर आलं, शून्य ओळी.
म्हणजे सगळं जागेवर?
मागे वळून फळीकडे पाहिलं.
सतराव्या खिळ्याखाली मायक्रोमीटरची
रंगवलेली सावली तेवढी होती.

नल कशाच्याच बरोबर नसतो मामा,
दुसऱ्या नलच्याही नाही.
म्हटलं, थांब, कळलं मला.
आमच्या चऱ्होलीत पाणी एक दिवसाआड.
हंडा कोरडा, ते शून्य.
घरात हंडा आहे की नाही तेच कुणाला ठाऊक नाही, तो नल.
न पाहिलेले दोन हंडे
सारखेच आहेत म्हणून शपथ कोण घेईल?
ती म्हणाली, तेच. म्हणून इज नल.
बरोबरचं चिन्ह खोडलं.
तेवीस ओळी आल्या.

नावं हवीत म्हणून कामगारांचा तक्ता जोडला,
या वेळी ऑनसकट.
तेवीसच्या एकोणीस झाल्या.
चार पुन्हा हरवल्या, सतरा नंबर त्यांतच.

जॉइन त्यांनाच आत घेतो, अफरीन सांगू लागली,
ज्यांचं नाव दोन्हीकडे असतं.
आणि बोलता बोलता गप्प झाली.
त्या तक्त्यात तिचंही नाव नव्हतं.

लेफ्ट जॉइन लिहून दिला तिनं.
चौघं परतले,
नावाच्या जागी रिकामे चौकोन घेऊन.
त्याला रिकामे. मला कसे असतील?
खिडकीतून मी चेहरे कमी पाहिले, हात जास्त.
रात्रपाळीला डावा हात पुढे येतो,
अंगठ्याजवळ वेल्डिंगचा डाग, मागतो हळू.
व्यंकट घोडजकर, कंधारकडचा.
ठेकेदाराचा माणूस, बिल्ला नाही.
मायक्रोमीटर हरवलेला नाहीच.
तीन नंबर लेथवर रोज मापतोय तो
आमचेच शाफ्ट.

साहेब डोकावले.
त्या चार ओळी काढून टाका, रिपोर्ट स्वच्छ दिसेल.
डिलीट लिहिलं, कामगारांच्या नाही, अवजारांच्या तक्त्यावर,
बोट एंटरवर टेकलं.
अफरीननं मनगट धरलं, मामा, व्हेअर कुठंय?
व्हेअर नसता तर साडेतीनशेही गेली असती,
सगळी फळी नुसती सावल्यांची.

एकेक अक्षर उलटं खोडत आलो.
मग नवीन लिहिलं, इन्सर्ट इंटू कामगार.
नाव घातलं. गाव घातलं. पाळी घातली.
क्रमांक नव्हता, तो सोडला.
एंटर.

लाल अक्षरांत उमटलं,
हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा
त्याचं म्हणणं मला पटलं.
ती ओळ तशीच पडद्यावर ठेवली
आणि साहेबांना बोलवायला गेलो.