रकाना सातवा

राज्याच्या कामगार खात्याचा फॉर्म आलाय:
स्वच्छ इंधन उद्योग, रोजगार, वेतन, कौशल्ये.
बारा पानं, शुक्रवारपर्यंत.
मॅनेजरनं तो माझ्या टेबलावर ठेवला,
कारण रात्रपाळीला लॅबमध्ये वेळच वेळ असतो
असं दिवसपाळीवाल्यांना वाटतं.

बाहेर ऑटम्वा झोपलंय.
मक्याचे ट्रक नदीकडेनं रांगेत,
वजनकाटा पाचला उघडेल.
सहा टाक्या आंबतायत, प्रत्येकीला चोपन्न तास,
आणि सगळ्या गावावर तो वास.
शिळ्या पावाचा, म्हणतात इथले.
मला विचाराल तर इडलीचं पीठ भांड्याबाहेर आल्याचा.
कोपरगावला मळीचा असायचा, तो याहून गोड
आणि याहून उर्मट.

एकूण माणसं: एकेचाळीस.
सरासरी दर: तासाला सत्तावीस डॉलर चाळीस सेंट.
सरासरी ही चीज गमतीची आहे.
तीत प्लँट मॅनेजर आहे
आणि खड्ड्यात उतरून दाणे खरवडणारा रोझेंडोही;
दोघांनाही न मिळणारा पगार
दोघांच्या नावावर.

पूर्वीचा व्यवसाय?
रोझेंडो: मासेमारी, मग इथला डुकरांचा कत्तलखाना.
तो चूक नावाच्या बेटावरचा.
पहिल्यांदा ऐकून मी हसले,
मग आमच्या भाषेतला अर्थ सांगावाच लागला.
तो म्हणाला, बरोबर आहे,
बोटीतून उतरलो तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

रकाना सातवा:
या पदाला लागणारी कौशल्ये, प्रमाणपत्र क्रमांकासह.

इथे मी थांबलेय. कॉफीवर साय धरलीय.

मार्चमधली गोष्ट. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
स्क्रीनवर सगळं हिरवं.
लॉयल ब्रन्सवोल्ड तीन नंबरच्या पंपापाशी उभा,
हातमोजा काढून तळवा आवरणावर टेकवलेला,
तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.
बंद करा, म्हणाला.
उघडलं तर बेअरिंग जळून निळं.
एकोणतीस वर्षं ट्रॅक्टरच्या कारखान्यात वेल्डिंग केलेला माणूस,
तो बंद झाला तेव्हा एक्कावन्नचा.
आमच्याकडे म्हणतात हात बसलाय;
पण बसलेल्या हाताला क्रमांक नसतो.
ऑपरेटर, दुसरी श्रेणी.

ब्रिटाला आहे क्रमांक. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं,
वीस हजारांचं कर्ज,
आणि लॉयलपेक्षा तीन डॉलर दहा सेंट जास्त.
तिला शिकवतो कोण? लॉयल.
वाईट नाही पोरगी, उलट
आलेखातला बारीक उतार तिला दिसतो तो त्याला दिसत नाही,
चष्मा लावूनही नाही.
परवा मी पाहिलं, कुणी नाहीसं बघून
तिनं मोजा काढला, पंपाला हात लावला,
आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.
काय ऐकू आलं विचारलं तर म्हणाली,
काहीच नाही. अजून.

मी स्वतःला टाकलं 'तंत्रज्ञ, इतर' मध्ये.
एम.एस्सी. आहे. ती इथे समकक्ष ठरायला
चार वर्षं आणि नऊशे डॉलर लागले.
इतर मध्ये ऊब असते थोडी,
सगळे उरलेले एकत्र बसतात.

साडेचारला रोझेंडो आला, भुवयांवर मक्याची धूळ,
स्वच्छ इंधनाची.
माझ्यापुढे काय लिहिलंस?
लिहिलं, की मूठभर दाणे हुंगून
आत ओल आहे का सांगतोस, यंत्र सांगायच्या आधी.
त्याचे पैसे मिळतील?
नाही.
मग कशाला शाई घालवलीस?

उत्तर होतं माझ्याकडे, पण
चौथ्या टाकीच्या नमुन्याची वेळ झाली.
तेरा पूर्णांक आठ टक्के. चांगलं आहे.
मी नोंदवलं, वेळ घातली, सही केली.
बाहेर पहिला ट्रक काट्यावर चढला,
भरलेला तोलतात, मग रिकामा.
खोडरबर हाताशीच होतं.
सातवा रकाना मी तसाच ठेवला,
चौकटीबाहेर गेलेला.