ना हरकत

दरजीपुऱ्याच्या आरटीओत, सकाळी साडेदहा.
माझी गाडी उन्हात उभी, बॉनेट उघडून,
दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी.

सांगलीहून ना हरकत दाखला यायला अकरा आठवडे लागले.
तिथल्या कारकुनाची हरकत नव्हती,
फक्त तसं लिहायला त्याला सवड नव्हती.
एजंट किरीटभाई म्हणतात, थई जशे.
या दोन शब्दांवर मी अख्खा पावसाळा काढला.

इन्स्पेक्टर आले. खिशावर नाव: अ. र. जगदाळे.
मी एकदम मराठीत सुटले,
विमा, पीयूसी, रोड टॅक्स, कंपनीने केलेली बदली,
सगळं एका दमात.
ते म्हणाले, "हां, पण चॅसी नंबर क्यां आहे?"

नंबर गंजाखाली गेलेला.
किरीटभाईंनी पॉलिश पेपर मारला, थुंकी लावली,
पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली,
लहानपणी आम्ही चार आण्यावर घासायचो तशी.
आधी नुसता धूर.
मग एक सात. मग दोन शून्यं, शेजारी शेजारी.

जगदाळेंनी डिकीतला गालिचा उचलला.
पत्र्यावर तपकिरी रेघ,
पट्टीने आखल्यासारखी.
"पाणी?"
"कृष्णा. सीटपर्यंत. तीन दिवस."
झालं, आता नापास.
ते रेघेवरून बोट फिरवत राहिले.
"आमच्या वॅगनआरमध्ये विश्वामित्री. स्टिअरिंगपर्यंत.
आणि पार्किंगमध्ये मगर, ही एवढी.
बायको बोलली, गाडीचं नंतर बघा,
आधी हिला कोणाला तरी बोलवा."

फॉर्मवर काय लिहिलं ते दाखवलं नाही.
शिक्का मात्र दोनदा मारला,
पहिला नीट उमटला नव्हता.

नवी पाटी आली सोळा दिवसांनी.
जुनीचा एक स्क्रू निघेना, तो कापावा लागला.
मागे बोटभर काळा गाळ, वाळून चिकटलेला,
आणि तो खरवडल्यावर
एक आयताकृती निळा.
गाडी एवढी निळी होती, मी विसरूनच गेले होते.
किरीटभाईंनी फडकं मारलं
आणि त्यावर जीजे शून्य सहा बसवलं.

परतताना फतेगंजला सिग्नल लागला.
या चौकातला हवालदार दर आठवड्याला
एमएच बघून मला बाजूला घ्यायचा,
कागद मागायचा, सांगलीला पाऊस कसा विचारायचा.
आज त्याने पाहिलंसुद्धा नाही.
मी काच खाली केली.
तो मागच्या राजस्थानच्या ट्रककडे निघाला होता.