अर्थिंग

फ्रिजला हात लावला की झिणझिण यायची,
आम्ही म्हणायचो, फ्रिज जुना झाला.
नवा आणला. तोही चावायला लागला.
तेव्हा कळलं, खोट घरात आहे.

अमळनेरात, बोरीच्या अलीकडे,
पुढे दोन खोल्या स्लॅबच्या, मागे एक धाब्याची,
एकाहत्तर साली आबांनी उभ्या केलेल्या.
आबा गिरणीत वायरमन.
पगार तुटपुंजा, वायर मात्र घरभर.
ती कुठून यायची, आईनं कधी विचारलं नाही.

मी ब्लाउज शिवते. एवढीच माझी विद्या:
उसवायचं, मापात घ्यायचं, पुन्हा शिवायचं.
लग्नसराई संपली तशी मेन स्विच पाडला,
टेस्टर तीनदा लावून बघितला
आणि पहिली लाकडी पट्टी उचकटली.
धूळ, झुरळांची अंडी, एक दहा पैशांचं नाणं,
आणि चुन्यावर पेन्सिलीनं आबांचं अक्षर:
लाल फेज. काळी न्यूट्रल. घाई करू नये.

तेवढी वीतभर भिंत रंगवायची नाही, हे तेव्हाच ठरलं.

दारात सुपडाबाई.
"काय करी राहिनी वं? येडी व्हयनी का?
भटूले बलाव."
भटू आला, चहा प्याला,
स्टुलावर बसून माझ्या चुका मोजल्या. दोन निघाल्या.
पैसे घेतले नाहीत,
जुनं तांबं तेवढं पिशवीत घालून नेलं.

पंचाहत्तर वॅटचे पंखे गेले, अठ्ठावीसचे आले.
त्यांचे रिमोट हरवतात, ते आपले फिरत राहतात.
धाब्यावर खारी दरसालची;
स्लॅबवर या खेपेला चुना, फेव्हिकॉल कालवून, तीन हात,
उकिडवं बसून, मागे सरकत, सरकत,
आणि शेवटी जिना राहिला त्या टोकाला
नि मी या टोकाला, ओल्या पांढऱ्यापलीकडे.
रात्री नऊपर्यंत चांदण्या मोजल्या.
पण वैशाखात दुपारी उघडा हात
छताला टेकवता आला. तो टेकवून बघा कधी आमच्याकडे.

पत्र्याखाली कापूस भरायची कल्पनाही माझीच.
उंदरांना फार आवडली.

भाच्यानं पुण्याहून बोलका दिवा पाठवला.
"लाईट लाव" म्हटलं की लावतो.
"बत्ती पेटाड" म्हटलं की माफी मागतो.
सोलरचं विचारू नका. भिशी लागू द्या आधी.

हे सगळं झालं, तरी फ्रिज चावतच होता.

मग तिसऱ्या पिनेमागची उघडी तार धरली
आणि तिच्यामागं भिंतभर निघाले,
फडताळाखालून, देव्हाऱ्याच्या पाठीमागून,
मोरीच्या उंबऱ्यापर्यंत. तिथं प्लास्टर फोडलं.
तार एका खिळ्याला गुंडाळलेली.
बस्स. पुढं काही नाही. खिळा, आणि वीट.
बाजूला पेन्सिल: पट्टी आल्यावर जोडणे.

पट्टी आली नसावी.
मग गिरणीचा भोंगाच थांबला,
मग आबा कुणाच्याच घरची वायर बघायला गेले नाहीत.
पन्नास वर्षं आम्ही त्या तिसऱ्या भोकावर
डोळे मिटून विश्वास ठेवला,
ओल्या हातानं इस्त्रीसुद्धा केली.
मी खिळ्यापाशी बसून राहिले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, किती ते कळलं नाही.

परसात निंबाखाली आठ फूट खोदलं.
चार फूट काळी माती, मग मुरूम, मग पहारीला ठिणग्या.
तांब्याची पट्टी, इस्त्रीवाल्याकडचा कोळसा, खडेमीठ,
पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ.
सुपडाबाईनं लोणच्याची चौकशी केली.
आता उन्हाळाभर त्या खड्ड्याला रोज बादलीभर पाणी लागतं,
तुळशीला तांब्याभर पुरतं.

मोरीपाशी, आबांच्या ओळीखाली,
मार्किंगच्या खडूनं लिहिलं: जोडली.
तारीख घातली नाही. खडू आहे, पुसला जाईल.

फ्रिज उघडताना अजून मी उलटा हात लावते.
सवय.
काही होत नाही.