बीजशब्द पाच

विशेषांक निघतोय. विषय: किनारे आणि प्रदेश.
सारांश अडीचशे शब्दांत, बीजशब्द पाच.
अंतिम तारीख नेमकी अमावास्येला पडते,
उधाणाच्या रात्री.
संपादकांना हे माहीत असण्याचं कारण नाही.

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत
फोनवर पुन्हा वाचते:
'स्थानिकाच्या पलीकडे जाणारे लेखन अपेक्षित.'
पलीकडे तर चोडण आहे.
दोन स्कूटर, मासळीची पाटी, गॅसचं सिलिंडर
आणि तासिका तत्त्वावरची एक प्राध्यापिका,
सगळी एकाच लोखंडी फळीवरून चढतात.

इनास बाब मानशीवर बसलेला असतो.
मानस म्हणजे...
हे वाक्य मी नऊ वेळा लिहून खोडलंय.
'खाजनात खारं पाणी येऊ न देणारं लाकडी दार',
एवढ्याने भागत नाही.
भरतीच ते दार लोटते, ओहोटीच उघडते;
माणसाने फक्त जाळं लावायचं, लिलावाचे पैसे भरायचे,
आणि कुर्लीने बांध पोखरला
की रात्री टॉर्च दातांत धरून
भोकात चिखल कोंबायचा.

गेल्या वर्षी एका नियतकालिकाने
मानस म्हणजे मन असं धरून
माझा लेख मानसशास्त्राच्या परीक्षकाकडे पाठवला.
त्यांनी कळवलं:
पाण्याचं रूपक चांगलं आहे,
फक्त थोडा अतिरेक झालाय.

पाटोवरच्या ग्रंथालयात नवं पुस्तक आलंय.
कडक पुठ्ठा, किंमत चौदा हजार,
घरी न्यायचं नाही, तिथंच बसून वाचायचं.
सूचीत आमचं बेट सापडलं, तीन स्पेलिंगांनी,
तीन निरनिराळ्या पानांवर,
जणू तीन बेटं, मध्ये फेरीसुद्धा नाही.
पान दोनशे चौदा, तळटीप:
'एका वृद्ध मच्छीमाराने सांगितले.'

फोटो काढून नेला. इनास बाबने चष्मा शर्टाला पुसला.
"हांव म्हातारो? तेन्ना म्हाका पन्नासूय जावंक नाशिल्लीं."
बराच वेळ पोयीकडे बघत राहिला.
"आनी नुस्तेकार न्हय. मानशेकार म्हण बरय."

मी बरयलं. म्हणजे लिहिलं.
ह्या दोन शब्दांमध्ये किती पाणी आहे
त्यावर वेगळा लेख होईल,
पण त्याला यादीतलं नियतकालिक मिळणार नाही,
आणि यादीत नसलेल्याला गुण नाहीत.
गुण नाहीत तर जूनमध्ये पुन्हा मुलाखत,
पुन्हा तेच तिघे, टेबलावर तेच काजू.

"पयशे मेळटात?" त्याने एकदा विचारलं होतं.
नाही, म्हटलं. उलट काही ठिकाणी आपणच भरायचे,
सात दिवसांत छापून देतात.
तो इतका हसला की जाळ्याची दोरी सुटली.
"म्हणल्यार तुमचीय पावणी जाता!"
होय बाब, लिलाव आमचाही होतो.
फक्त पाणी कुठून येतं ते दिसत नाही.

अमावास्या. अकरा चाळीस. पोर्टल बाराला मिटणार.
खाजन. मानस. बांध. चोडण.
चारवर फॉर्म पुढे सरकत नाही.
'संस्कृती' लिहिलं, खोडलं.
'लवचीकता' लिहिलं, हल्ली सगळे लिहितात, खोडलं.
'इनास' लिहिलं
तर लाल अक्षरं: व्यक्तिनाम चालणार नाही.

इतक्यात त्याचाच फोन. आधी वारा,
मग धापा, मग फावडं आपटल्याचा आवाज,
मग काहीच नाही. नदीच्या ह्या बाजूला बसून
मी हॅलो हॅलो करत राहिले,
नकाशावरच्या माणसासारखी, कोरडी.

अकरा अठ्ठावन्न.
पाचव्या चौकटीत लिहिलं: कुर्ली.
चाललं.

पोहोच आली, यंत्राची, गोड भाषेत:
आपल्या योगदानाबद्दल आभारी आहोत,
निर्णयास सहा ते चौदा महिने लागू शकतात.

तिच्या मागोमाग दुसरा संदेश, सव्वाबाराला:
बांद उरलो. कुर्ली मेळ्ळी.
फाल्यां जेवंक यो.